इकॉनॉमिक्सचा रिसर्च पेपर परत का येतो: पात्रता, कागद आणि फॉरमॅटची भानगड

दरवर्षी सबमिशनच्या आठवड्यात डिपार्टमेंटच्या दारात पोरं उभी असतात, हातात स्पायरल केलेली प्रत आणि तोंड एवढंसं झालेलं. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे मंजूर-नामंजूर माझ्या हातात काही नाही, पण परत आलेले पेपर घेऊन पोरं येतात ती माझ्याकडेच. त्यात इकॉनॉमिक्स चुकलंय असं क्वचितच असतं.

आधी पात्रता. चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' पाहिजे तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून ७५ टक्के लागतात. मिळून, हा शब्द नीट वाचा, कारण पोरं टीवायचे (तिसऱ्या वर्षाचे) मार्क बघून खूश होतात आणि एफवायला (पहिल्या वर्षी) काय दिवे लावलेत ते विसरतात. ७५ नसतील तरी चौथं वर्ष बंद होत नाही, साधं ऑनर्स करता येतं, डेझर्टेशनच्या (शोधप्रबंधाच्या) १२ क्रेडिटऐवजी तीन विषय घ्यायचे. हे खिडकीवर कोणी सांगत नाही, 'तुमचं बसत नाही' एवढंच सांगतात.

कागदांमध्ये गाइडचं (मार्गदर्शक प्राध्यापकाचं) सर्टिफिकेट आणि स्वतःचं घोषणापत्र ही दोन कामं पाच मिनिटांची. अडतं ते परवानगीपत्रावर. बाजार समितीत किंवा बचत गटाकडे सर्व्हे केला, तर बऱ्याच ठिकाणी तिथलं पत्र मागतात, आणि ते कोणाकडेच नसतं, कारण सर्व्हे दिवाळीच्या सुट्टीत झालेला असतो आणि पत्राची आठवण एप्रिलमध्ये येते, तोवर तिथले सचिव बदललेले असतात. म्हणून पहिल्याच दिवशी कॉलेजच्या लेटरहेडवर विनंतीपत्र घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. ती पोच असली की निदान बोलायला तोंड राहतं.

आता सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे पेपरमधला किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो ते सॉफ्टवेअर सांगतं तो, यात सगळ्यात जास्त रडारड. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. खरं तर त्यातले दंड पदव्युत्तर आणि संशोधनाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेत, पण कॉलेजं तोच आकडा खाली बीएच्या पोरांनाही लावतात, त्यावर वाद घालून काही होत नाही. पण त्याच नियमात असंही आहे की संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नाव देऊन अवतरणात घेतलेला मजकूर मोजायचा नाही. लायब्ररीत घाईघाईत अख्खी फाइल चढवतात, २३ टक्के येतात, आणि पोरगं रात्रभर बसून 'वाढ'च्या जागी 'वृद्धी' आणि 'वृद्धी'च्या जागी 'वर्धन' करत बसतं, पेपरचं पार भजं होतं. आधी सूची वगळून रिपोर्ट काढा म्हणावं. आणि रिपोर्ट शेवटच्या ड्राफ्टचाच पाहिजे, जानेवारीतला रिपोर्ट एप्रिलच्या पेपरला जोडला तर पानांची संख्याच जुळत नाही, मग परत आला म्हणून तक्रार कशाला.

नोटिशीतली तारीख ही सह्या झालेली बाइंडिंगची प्रत ऑफिसात जमा करायची तारीख असते, गाइडला मेल करायची नाही. गाइड, एचओडी, प्राचार्य, आणि प्राचार्य नेमके त्या आठवड्यात बाहेरगावी. दहा दिवस आधी धरून चला.

फॉन्ट-मार्जिनचं विद्यापीठाच्या परिपत्रकात बघा, डावीकडे बाइंडिंगला जागा सोडा, झालं. मराठीत लिहिणाऱ्यांनी फक्त युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये डीटीपीवाल्याकडून करून घेतलं की सॉफ्टवेअरला ती नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि रिपोर्टला काही अर्थच राहत नाही.

खरी गोची तक्त्यांखाली आहे. 'स्रोत: इंटरनेट' लिहिलेला पेपर मी यंदाही पाहिला. स्रोत म्हणजे 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी २०२३-२४, अर्थ व सांख्यिकी संचालनालय' आणि पुढे तक्ता क्रमांक, म्हणजे बघणाऱ्याला तो आकडा उघडून सापडला पाहिजे. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली, एकक शीर्षकातच, कोटी की लाख कोटी ते कळू द्या. जीडीपी चालू किमतींना (त्या-त्या वर्षीच्या) की स्थिर किमतींना (एकाच ठरलेल्या, म्हणजे पायाभूत वर्षाच्या), आणि स्थिर असेल तर पायाभूत वर्ष कोणतं, हे नसलं की परीक्षक तिथेच थांबतो. २००४-०५ पायाभूत वर्षाची मालिका आणि २०११-१२ ची मालिका एकाला एक चिकटवली तर मध्येच जीडीपी टुणकन उडी मारतो, आणि मग त्या उडीची कारणं म्हणून सरकारी धोरणांवर दोन पानं लिहिलेली असतात!

बेरोजगारीचंही तसंच. पीएलएफएसच्या (सरकारच्या रोजगाराच्या पाहणीच्या) २०२३-२४ च्या अहवालात १५ वर्षांवरच्यांचा दर नेहमीच्या स्थितीनुसार (मागचं वर्षभर धरून) ३.२ टक्के आणि चालू साप्ताहिक स्थितीनुसार (मागचा आठवडा धरून) ४.९ टक्के आहे. दोन्ही बरोबर, पण कोणता घेतला ते न लिहिता एका पानावर हा आणि दुसऱ्यावर तो घातला की व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) धुलाई ठरलेली. टक्के आणि टक्केबिंदू हेही वेगळं ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ वर आला, तो पाव टक्केबिंदूने कमी झाला, टक्क्यांत ती घट साधारण ३.८५ होते. वर्तमानपत्रं 'पाव टक्का' लिहितात, त्यांना व्हायव्हा नसते.

मजकुरात लेखक आणि वर्ष, म्हणजे 'दांडेकर आणि रथ (१९७१)' असं. नुसतं 'दांडेकर म्हणतात' चालत नाही. संदर्भ लिहायची पद्धत एपीए घ्या नाहीतर शिकागो, गाइड सांगतील ते, पण अर्धा पेपर यात अर्धा त्यात नको. शेवटी सूचीतलं एकेक नाव कंट्रोल-एफ करून मजकुरात शोधा आणि मजकुरातलं सूचीत, वीस मिनिटं लागतात, कोणी करत नाही.

काही ठिकाणी गोषवाऱ्याखाली जेईएल कोड (अर्थशास्त्रातल्या विषयांचे ठरलेले क्रमांक) मागतात, तो बघून घाबरू नका, अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या साइटवर यादी फुकट आहे. कांद्याच्या लिलावावर पेपर असेल तर क्यू१३, बचत गटांच्या कर्जावर असेल तर जी२१.