‘फिफ्टी शेड्स’ घरी नेण्याआधी

सभासदांना सप्रेम नमस्कार.

“हे पुस्तक कसं आहे हो?” हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो. बहुतेक पुस्तकांचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं. ई. एल. जेम्स यांच्या ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’चं देता येत नाही. एका ताईंनी ते परत करताना सांगितलं, “दोन रात्रींत संपवलं, दुसरा भाग माझ्यासाठी राखून ठेवा.” तीच प्रत पुढे एका निवृत्त शिक्षिकेने नेली. त्या चाळीसाव्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, “असं इंग्रजी मी नववीच्या वहीतसुद्धा खपवून घेतलं नसतं.” तिसऱ्या वाचक भाषेबद्दल काही बोलल्या नाहीत आणि प्रणयाबद्दलही नाही. त्यांचा सगळा राग नायकावर होता.

तिघींचंही म्हणणं आम्हाला पटलं, कारण तिघी तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होत्या. पुस्तक उचलताना आपल्याला नेमकं काय हवंय हे तुम्हाला ठरवता यावं, म्हणून हे पत्रक.

गोष्ट थोडक्यात अशी. अॅनास्टेशिया स्टील ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मुलगी. मैत्रीण आजारी पडली म्हणून तिच्या जागी ती सिअॅटलला एका तरुण अब्जाधीशाची मुलाखत घ्यायला जाते. त्याचं नाव ख्रिश्चन ग्रे. दोघं एकमेकांकडे ओढले जातात. पण त्याला नेहमीसारखं प्रेम नको असतं. शरीरसंबंधात हुकूम त्याचा आणि पालन तिचं, असं नातं त्याला हवं असतं, आणि त्यासाठी तो कलमवार लेखी करारच तिच्यापुढे ठेवतो. पुढचं सगळं पुस्तक या कराराभोवती फिरतं.

भाषेची तक्रार

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि ती खरी आहे. नायिका वारंवार ओठ चावते, तिच्या मनातली ‘देवी’ पानापानावर उड्या मारते, तेच उद्गार पुन्हा पुन्हा येतात. आमच्या एका प्रतीत कोणीतरी समासात पेन्सिलीने या सगळ्याची मोजदाद केली आहे. (कृपया करू नका. खोडताना कागद फाटतो.)

याचं एक कारण पुस्तकाच्या जन्मात आहे. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ या प्रेमकथामालेच्या चाहत्यांसाठी लेखिकेने ही गोष्ट आधी इंटरनेटवर, प्रकरणाप्रकरणाने लिहिली. नंतर पात्रांची नावं बदलली आणि २०११ मध्ये एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रकाशनसंस्थेने तिचं पुस्तक केलं. मासिकांत ‘क्रमशः’ वाचत मोठे झालेल्यांना हे लगेच कळेल. हप्त्याहप्त्याने वाचताना पुनरुक्ती टोचत नाही, उलट ओळखीची वाटते. पाचशेच्या वर पानं सलग वाचायला घेतली की तीच खड्यासारखी लागते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढे काय होणार याची हुरहुरही त्याच सवयीतून आलेली आहे. म्हणूनच ज्यांना भाषा आवडली नाही, त्यांच्यापैकीही कित्येकींनी पुस्तक पूर्ण वाचलं. आमच्या मते या लेखिकेचं खरं कौशल्य तिथे आहे.

प्रणयाची मात्रा

यातली शरीरसंबंधांची वर्णनं सविस्तर आहेत, पुष्कळ आहेत, आणि दार लावून घेऊन बाजूला होणारी नाहीत. काहींना ती धीट वाटली, काहींना कंटाळवाणी. बाईची इच्छा बाईच्याच तोंडून, ‘मी’ म्हणून सांगितलेली वाचायला मिळाली, याचं समाधान आम्हाला अनेक सभासदांनी सांगितलं, त्यांत साठीच्या काकूही होत्या. हे समाधान आम्ही हलकं मानत नाही. सुरुवातीला हे पुस्तक ई-रीडरवर खूप वाचलं गेलं, आणि शेजारच्याला मुखपृष्ठ दिसत नाही हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडे तेच काम वर्तमानपत्राचं कव्हर पूर्वीपासून करत आलंय.

नायकाबद्दलचा राग

या मुद्द्यावर थोडं थांबावंसं वाटतं. ख्रिश्चन तिच्या फोनवरून ती कुठे आहे हे शोधून काढतो, न बोलावता हजर होतो, तिने किती खावं हे ठरवतो, तिची जुनी गाडी विकून नवी गाडी दारात उभी करतो. एका वाचकाला ही काळजी वाटते, दुसऱ्याला पाळत. २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ विमेन्स हेल्थ’ या अमेरिकी संशोधन-नियतकालिकात या कादंबरीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या नात्यात भावनिक छळ आणि लैंगिक हिंसा सर्वत्र दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा प्रकारची नाती परस्परसंमतीने जगणाऱ्यांनीही आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं असं, की आमच्यात संमती आधी विचारतात आणि मोकळेपणी ‘नाही’ म्हणता येतं. इथे नायिकेवर दबाव आहे.

दुसरी बाजूही ऐका. पुस्तक आवडलेल्या एका वाचक म्हणाल्या, “मला असा नवरा नकोय. दोन तास असं स्वप्न बघायला काय हरकत आहे?” नायिका तो करार सही न करता वाचते, प्रश्न विचारते, घासाघीस करते, हेही त्यांनी दाखवून दिलं. आम्ही दोन्ही मतं ऐकली आहेत. आमचं स्वतःचं मत असं, की पाळत ठेवणाऱ्या माणसाला प्रेमळ म्हणू नये. पण एखादी बाई हे पुस्तक आवडीने वाचते म्हणून ती प्रत्यक्षात काय सहन करेल, याचा अंदाज कोणी बांधू नये. ज्यांनी घरात असा जाच सोसलाय, त्यांनी ते नेण्याआधी आम्हाला जरूर विचारा.

शेवट

प्रणयकादंबरीच्या वाचकाला शेवट समाधानाचा हवा असतो. पहिला भाग तसा संपत नाही. नायिका निघून जाते. ‘फसवलं’ असं म्हणत परत येणारे बहुतेक इथेच दुखावलेले असतात. गोड शेवटासाठी तिन्ही भाग वाचावे लागतात. तेवढी तयारी नसेल तर दुसरं पुस्तक घ्या, आम्ही सुचवू.

असं पुस्तक आम्ही ठेवतो का?

ठेवतो. मे २०१२ मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडामधल्या ब्रेवर्ड काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयांनी ते कपाटातून काढलं होतं. वाचकांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात ते परत ठेवावं लागलं. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जुनं आहे. लेखक चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. पुण्यातल्या एका वाचकाने तक्रार केली, उच्च न्यायालयाने काकोडकरांना अश्लीलतेबद्दल दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. वाङ्मय म्हणून लिखाण सामान्य असलं तरी तेवढ्याने ते अश्लील ठरत नाही, आणि कथा पूर्ण वाचून निर्णय करायचा असतो, ही त्या निकालातली समज आम्हीही पाळतो.

आमचे नियम साधे आहेत. तिन्ही भाग प्रौढांच्या कार्डावरच मिळतात, मुलांच्या कार्डावर नाही. वय १८ पूर्ण हवं. पुस्तक खाकी कव्हर घालून मिळेल. कोणी काय नेलं हे आम्ही घरच्यांनाही सांगत नाही.

नेताना काउंटरवर एवढंच सांगा: भाषा महत्त्वाची, प्रणय महत्त्वाचा, नायक भला असायला हवा, की शेवट गोड हवा. त्यावरून हेच पुस्तक द्यायचं की दुसरं, ते बघू. वीस-पंचवीस पानांत नको वाटलं तर दुसऱ्याच दिवशी आणून द्या. वाचनशुल्क घेणार नाही, आणि का नको वाटलं हेही विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर मात्र आम्ही ऐकायला बसलोय.