छातीवरचा वारा, मनगटावरचा भार

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला आणि ठाण्यातल्या बाईकवाल्यांच्या गप्पांना ऊत आला. आमणे म्हणजे भिवंडी तालुका, अगदी आपल्या दारात. तिथून नागपूरपर्यंत 701 किलोमीटरचा सलग रस्ता. माझ्या भाच्याने लगेच मोठी गाडी घेण्याचा घाट घातला. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे हे कळल्यावर तो हिरमुसला, पण प्रश्न काही त्याने सोडला नाही: लांबच्या प्रवासाला टूरर घ्यावी की स्पोर्ट-टूरर? त्याच्या मित्रांकडे उत्तर तयार होतं. टूररवर आराम, स्पोर्ट-टूररवर पाठदुखी. ताठ बसलं की पाठ सुखी, वाकून बसलं की दुखी, एवढं सोपं.

एवढं सोपं ते नाही. बसण्याचा कुठलाही कोन मुळात चांगला किंवा वाईट नसतो. तो कुठल्या वेगाला चांगला, हे विचारायला हवं. कारण चालत्या बाईकवर तुमचं धड फक्त कंबर आणि हात उचलून धरत नाहीत. समोरून येणारा वाराही धरतो.

आधी दोन्ही जातींची तोंडओळख उरकून घेऊ. टूरर म्हणजे होंडा गोल्ड विंगसारखी गाडी: 1833 सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन चाकांच्या आसांमध्ये जवळजवळ 1.7 मीटर अंतर, टूर आवृत्तीचं वजन 390 किलोच्या आसपास, समोर उंच काच, बसणं ताठ. स्पोर्ट-टूरर म्हणजे कावासाकी निंजा 1000एसएक्ससारखी: 1.44 मीटरचं अंतर, 240 किलोच्या आतबाहेर वजन, काच छोटी, हँडल खाली आणि पुढे, पाय थोडे मागे. हँडल धरायला गेलात की धड आपोआप पुढे झुकतं.

आता माझ्या आवडीचा भाग. धड पुढे झुकलं की गुरुत्वाकर्षण ते आणखी पुढे पाडायला बघतं. वारा छातीवर येऊन तेच धड मागे ढकलतो. दोघांची ही रस्सीखेच कमरेच्या सांध्याभोवती चालते. म्हणून इथे नुसतं बल मोजून भागत नाही, ते बल कमरेपासून किती अंतरावर लागतं तेही बघावं लागतं. बल गुणिले अंतर म्हणजे बलाघूर्ण. शाळेत तरफेच्या धड्यात हे येऊन गेलेलं असतं.

70 किलोचा चालक धरा. डोकं, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, म्हणजे 47 किलो, कमरेच्या वर असतो. या भागाचा गुरुत्वमध्य कमरेपासून साधारण 33 सेंटिमीटर वर. धड 20 अंश पुढे झुकवलं तर गुरुत्वाकर्षणाचं बलाघूर्ण येतं सुमारे 52 न्यूटन-मीटर. 30 अंशांना तेच 76 होतं.

वाऱ्याचं काय? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, सगळी गंमत या वर्गात आहे. समोर काच नाही असं मानून, छातीचं क्षेत्रफळ आणि हवेची घनता ढोबळ धरली, तर ताशी 60 ला धडावर सुमारे 7 किलो वजनाइतका रेटा येतो. 80 ला 12 किलो, 100 ला 19, 120 ला 27. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. सायन-पनवेल महामार्गावर साधी 150 सीसीची गाडी ताशी 80 ला नेली की मान आखडते ती याचमुळे: त्या 12 किलोंशी तुम्ही हँडल खेचून झुंजत असता.

पण धड पुढे झुकलेलं असेल तर हेच 12 किलो झुंजायला येत नाहीत, टेकू द्यायला येतात. वाऱ्याचं आणि गुरुत्वाकर्षणाचं बलाघूर्ण सारखं झालं की हात मोकळे, पाठीचे स्नायूही जवळजवळ मोकळे. हा वेग काढायला गणित एका ओळीचं आहे: झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असला पाहिजे. गुरुत्वाकर्षणाकडून साइन येतो, वाऱ्याच्या तरफेकडून कोसाइन येतो, भागाकार केला की टॅन्जंट उरतो. (झुकल्यावर छातीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळही घटतं, पण ते मी वेगळं मोजलेलं नाही, मोजलं तर पुढचे वेग आणखी थोडे वर जातील.) त्रिकोणमिती विसरलेल्यांनी फक्त उत्तरं बघावीत. 10 अंश झुकावाला ताशी 60 किलोमीटर. 20 अंशांना 86. 30 अंशांना 109. 40 अंशांना 131.

जर्मनीच्या आउटोबानवर सरसकट वेगमर्यादा नाही, पण शिफारस केलेला वेग आहे ताशी 130. आकडे जुळले म्हणून लगेच नाचायला नको. माझी गृहीतकं ढोबळ आहेत आणि उंच, जाड, बारीक माणसागणिक ती हलतील. तरीही ज्या रस्त्यांसाठी या गाड्या घडल्या, त्या रस्त्यांचा वेग त्यांच्या हँडलात उतरलेला दिसतो. बीएमडब्ल्यूने 1976 साली आर100आरएस आणली. तिचं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, इटलीत पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये तपासून घडवलेलं होतं आणि हँडल खाली होतं. दोन वर्षांनी त्याच इंजिनावर आर100आरटी आली, तिला हँडल उंच आणि काचही मोठी. दोन्ही बदल एकदम केले, हे मला महत्त्वाचं वाटतं. काच मोठी केली की छातीवरचा वारा गेला. वारा गेला की पुढे झुकलेल्या धडाला टेकू उरला नाही. म्हणून धड ताठ करणं भाग. काच आणि हँडल ही जोडी आहे.

आपल्याकडे ही जोडी सर्रास मोडतात. स्पोर्ट-टूरर घ्यायची आणि पहिल्याच महिन्यात तिला बाजारातली फूटभर उंच काच लावायची, 'टूरिंग किट' म्हणून. मग मनगटं पूर्वीपेक्षा जास्त दुखतात आणि दोष सीटला जातो. शिवाय काचेच्या वरच्या कडेवरून हवा सुटताना भोवरे तयार होतात, एक वरून, एक खालून, आळीपाळीने. काचेची रुंदी आणि आपले महामार्गाचे वेग बघता ही आवर्तनं सेकंदाला आठ-दहाच्या घरात येतात. काचेची कड नेमकी हेल्मेटच्या पातळीत असली की डोकं सतत लटलटतं. अशा वेळी काच आणखी उंच करण्यापेक्षा दोन इंच कापलेली बरी: हेल्मेट स्वच्छ वाऱ्यात येतं आणि छातीला थोडा टेकू परत मिळतो.

आता हे गणित ठाण्यात आणून उभं करू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू, समृद्धी: तिन्हीकडे दुचाकीला मज्जाव. आपल्या वाट्याला येतो तो माजिवड्याहून पडघा, शहापूर, कसारा घाट करत नाशिकचा महामार्ग, कल्याण-मुरबाडवरून माळशेज, पनवेल-खोपोली-खंडाळ्याचा जुना रस्ता, किंवा पळस्प्याहून कोकणात उतरणारा 66 क्रमांकाचा. चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्यावरही दुचाकीची कमाल मर्यादा केंद्राने 2018 साली ठरवली ती ताशी 80. इतर रस्त्यांवर 60. आणि ट्रक, गाई, गतिरोधक, चहा धरून दिवसभराचा खरा वेग ताशी 50 निघाला तरी पुष्कळ. ताशी 80 ला जुळणारा झुकाव येतो साडेसतरा अंश. ताशी 50 ला फक्त सात.

मग 30 अंश झुकवणारी गाडी घेऊन आपण ताशी 50 ने निघालो तर? गुरुत्वाकर्षणाच्या 76 न्यूटन-मीटरपैकी वारा जेमतेम 16 फेडतो. बाकीचे 60 हातांनी किंवा पाठीने पेलायचे. सगळे हातांवर टाकले तर दोन्ही तळव्यांवर मिळून सुमारे 12 किलो. घोडबंदर रोडला गायमुखापाशी कोंडीत अडकलात की वारा शून्य आणि तळव्यांवर 15 किलो, त्यात डावा हात क्लच दाबतोय. लांबच्या प्रवासात दमवतो तो हायवे नव्हे, हायवेला लागेपर्यंतचा तास.

हे किलो जातात कुठे, ते शरीराला ठाऊक असतं. मनगट मागे वाकलेलं आणि त्यावर भार, अशा वेळी मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मध्य चेता दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेची दुसरी चेता दबते आहे. कुठलं बोट सुन्न झालं यावरून हँडल कुठे टोचतंय ते कळतं, इतकं हे सरळ आहे. त्यावर उपाय म्हणून हल्ली हातात तांब्याचं कडं किंवा चुंबकाचं ब्रेसलेट घालून फिरणारे बरेच दिसतात. 'रक्तात लोह असतं, चुंबक ते खेचतो, रक्ताभिसरण वाढतं' असं विकणारा सांगतो. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. तसं चिकटत असतं तर एमआरआयच्या यंत्रात आडवा झालेला एकही माणूस धड बाहेर आला नसता. त्या पैशांत हँडल दोन इंच वर आणणारे रायझर येतील.

एवढं वाचून कुणी धावत जाऊन पाय पुढे ताणून बसायची क्रूझर घेईल, तर थांबा. रॉयल एनफील्डची सुपर मीटिऑर 650 काच लावून 'टूरर' म्हणून मिळते आणि ताशी 80 ला मनगटं तिच्यावर खरंच सुखी असतात. पण पाय पुढे असले की खड्ड्यावर नितंब उचलता येत नाहीत. पाय शरीराच्या खाली असतील तर गुडघे आणि घोटे हे तुमचं दुसरं सस्पेन्शन. पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, जरा भार दिला की धक्का तिथेच विरतो. पाय पुढे गेले की तो माकडहाडातून सरळ मणक्यात. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ कंपनांना सगळ्यात जास्त थरारतं. पेव्हर ब्लॉक आणि उखडलेल्या डांबराच्या लाटांवरून जाताना ही वारंवारता सहज गाठली जाते. कोकणच्या रस्त्याला जाऊन आलेल्यांना हे पटवायला आलेख लागत नाही.

घाटात मात्र स्पोर्ट-टूररचं पारडं जड होतं. माळशेजच्या वळणांवर कमी वजन, कमी लांबी आणि हँडलचा चटकन प्रतिसाद यांची मजा वेगळीच. उलट 390 किलोची गाडी वेगात शहाण्यासारखी चालते, पण थांबली की वजन दाखवते. ती उभ्या उभ्या 10 अंश कलली आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरला, तर हँडलपाशी तिला सावरायला सुमारे 34 किलोचा जोर लागतो. निंजाला 21. सोसायटीच्या उतारावर, ओल्या फरशीवर हा फरक बिलातल्या कुठल्याही फरकापेक्षा मोठा वाटतो.

म्हणून भाच्याला मी दोन्हींपैकी एकही सुचवली नाही. ताठ बसणं, पाय खाली, हँडल रुंद, वजन 200 किलोच्या आसपास, असं काहीतरी बघ म्हटलं. हिमालयन 450 ही त्यातली एक, 196 किलोंची. त्याला ती 'पुरेशी टूरर' वाटत नाही. नावावर जाऊ नको एवढंच सांगू शकलो. ज्याला खरोखर निंजाच हवी, त्याने ती घ्यावी, पण घाटांसाठी घ्यावी आणि रायझरचे पैसे बाजूला ठेवावेत.

शोरूममध्ये एक तपासणी फुकट होते. गाडी मेन स्टँडवर असेल तर बसा, पाय पेगवर ठेवा, हँडल धरा, मग धड न हलवता दोन्ही हात हळूच सोडा. मिनिटभर तसंच राहता आलं तर तो कोन तुमच्या पाठीला शून्य वेगालाही झेपतो. पाचव्या सेकंदाला पुढे कोसळलात तर ती गाडी वाऱ्याच्या भरवशावर आहे, आणि वारा किती मिळणार ते वर आलंच आहे. मेन स्टँड नसेल तर सेल्समनला गाडी सरळ धरायला लावा. तो कुरकुरेल, पण धरेल.

हीच तपासणी मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही घेऊन करा, कारण तिचं गणित निराळं आहे. तिला पुढच्याच्या पाठीमुळे वाऱ्याचा टेकू मिळतच नाही, मिळतात ते भोवरे. स्पोर्ट-टूररवर तिची सीट उंच आणि धरायला जागा तुटपुंजी. मध्यम ब्रेक लागला तरी 60 किलोची व्यक्ती 18 किलोच्या जोराने पुढच्याच्या पाठीवर येते, आणि ते 18 किलो पुन्हा त्याच दोन मनगटांवर. गोल्ड विंग टूरला मागे पाठ टेकायला जागा आणि धरायला कडी आहे. दोघांनी मिळून फिरायचं असेल आणि खिसा तेवढा खोल असेल, तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवून मागच्या सीटवर बसणारीला आधी विचारा.