काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी चालवत आणू नका
हेड गॅस्केटबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

एप्रिल-मे आला की पसरणी घाटातून वाईला आमच्याकडे तापलेल्या गाड्या यायला लागतात. बहुतेक मारुती ८००, ओम्नी, नाहीतर जुनी झेन. आणि जो तो एकच विचारतो, "गॅस्केटच गेलंय ना? मग एवढं बिल कसं?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हा कागद.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा खालचा भाग (ब्लॉक) आणि वरचा भाग (हेड) यांच्यामध्ये बसणारं, गळती रोखणारं पातळ सील. या कामातला हा सगळ्यात स्वस्त तुकडा. बिल वाढतं ते तापमानाचा काटा वर गेल्यानंतर गाडी जितकी चालवली, त्यामुळे. ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनात ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. नेहमीच्या तापमानाला हा फरक गॅस्केट सांभाळून घेतं. पण पाणी संपलं आणि उष्णता वाढतच गेली, तर बोल्टांनी जखडलेल्या हेडला फुगायला जागा उरत नाही. मग ते वाकतं, आणि गार झाल्यावर सरळ होत नाही. हेड किती वाकलेलं चालतं? ०.०५ मिलिमीटर. साधा झेरॉक्सचा कागद याच्या दुप्पट जाड असतो.

वेळेत थांबलेल्या गाडीचं हेड पुष्कळदा किरकोळ फेसिंगवर (पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करण्यावर) निभावतं. तीच गाडी पाणी ओतत ओतत घरापर्यंत आणली, की हेडला तडा, पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, ऑइलमध्ये पाणी उतरल्यामुळे बेअरिंग खाल्लेलं, असं एकेक उघडल्यावर निघतं. दोन-तीन दिवसांचं काम मग दोन आठवड्यांवर जातं. तुमची गाडी अडकते आणि आमची जागाही.

लोक चालवत का आणतात, तेही आम्हाला कळतं. घाटात मुलंबाळं गाडीत असतात, रेंज नसते, आणि कोणीतरी सांगतं, "आता उतारच आहे, सावकाश घ्या." उतारावरसुद्धा इंजिन चालूच असतं आणि पाणी नसेल तर तापतच असतं. काही जण त्याहून पुढचं करतात, इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. कृपा करून हे कधीच करू नका. इंजिन बंद असलं की ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम मिळत नाही. दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेक घट्ट होतो आणि मग पायात कितीही जोर असला तरी पसरणीच्या वळणांवर तो कमीच पडतो.

सगळ्यात फसवतो तो काटा. काटा वर जातो, मग अचानक खाली येतो, आणि आपल्याला वाटतं गाडी गार झाली. पण सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. पाणीच उरलं नाही तर तो कोरडा पडतो आणि काटा खाली दाखवू शकतो. लाल पट्ट्यातून आपोआप उतरलेल्या काट्यावर विश्वास ठेवून पुढे निघालेल्या गाड्यांची हेडं आमच्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत येतात.

मग करायचं काय? काटा मध्याच्या वर चढायला लागताच एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा. उकडेल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर निघते. तेवढ्याने काटा थांबला नाही तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्या झाकणावर बहुतेक ०.९ असा आकडा असतो, तो आतल्या दाबाचा. या दाबामुळेच पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल करताच ते एकदम उकळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतणं हेही हेडला तडा पाडायचं काम. आणि "चालू होते का बघू" म्हणून सेल मारत बसू नका. सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्यानंतर टोचन. घाटात दोरी बांधून नको, ब्रेकचं कारण वर सांगितलंच आहे. गाडी वर चढवून नेणारं वाहन मागवा. तुमच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का ते एकदा घरी बसून बघून ठेवा, बऱ्याच जणांकडे असतं आणि माहीत नसतं. नसेल तर आम्हाला फोन करा, आम्ही वाहन पाठवतो. टोचनचे पैसे जड वाटतात खरे, पण हेड बदलायच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत.

गॅस्केट खरंच गेलंय का, याची थोडी कल्पना घरीही येते. बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होणं, सकाळी गाडी चालू केल्यावर मिनिटाभरातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कडक होणं, रिझर्व्ह टाकीत सतत बुडबुडे, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर. ऑइल दुधी, फेसाळ झालं असेल तर शंका उरत नाही. मात्र पावसाळ्यात गाडी रोज बाजारापुरतीच फिरत असेल, तर ऑइलच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणानेही थोडा पांढरा थर धरतो. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल स्वच्छ असेल तर घाबरून येऊ नका. तशी गाडी आम्ही बघून परत पाठवतो, त्याचे पैसे घेत नाही.

आता आमच्या पद्धतीबद्दल, कारण त्यावरही वाद होतात.

गाडी आली की लगेच हेड का उघडत नाही? गरम इंजिनचे हेड बोल्ट सैल केले तर धड असलेलं हेडही वाकतं. म्हणून गाडी रात्रभर उभी राहते. त्या वेळी आम्ही दुसऱ्या गाडीवर काम करताना दिसतो, ते तुमच्याकडे दुर्लक्ष नव्हे.

प्रत्येक हेड मशीन शॉपला पाठवतो. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पाती) लावून वाक आम्हीही मोजतो, पण तडा डोळ्यांना दिसत नाही, त्याला प्रेशर टेस्टच लागते. फेसिंग न करता नवं गॅस्केट टाकून गाडी त्याच संध्याकाळी देणारे आहेत, आणि त्यांचं बिल आमच्यापेक्षा कमी असतं हे खरं. बोल्ट आम्ही मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळतो, अंदाजाने नाही. त्याआधी बोल्टांची भोकं कोरडी करतो. खाली पाणी-ऑइल राहिलं तर पाना टॉर्क दाखवतो, पण बोल्ट आवळलेला नसतो. टायमिंग बेल्ट हेडसाठी काढावाच लागतो, म्हणून जुना परत चढवत नाही.

आणि गॅस्केट का गेलं, हे शोधल्याशिवाय गाडी देत नाही. पंख्याचा स्विच, गाळाने चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, फुगलेला होज, यातलं काहीतरी सापडतंच. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला सांगू नका. तो नसेल तर इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त खातं. बोअरचं पाणीही नको, क्षार आत बसतात. तयार कूलंट भरा.

हळदीचं तर दरवर्षी सांगावं लागतं. रेडिएटरचं बारीक भोक हळदीने थोडे दिवस बुजतं, मान्य. पण गॅस्केटपाशी सिलिंडरमधला स्फोटाचा दाब असतो, तिथे हळद सांगलीची असली तरी टिकत नाही. उलट रेडिएटरच्या नळ्या चोंदतात आणि त्या साफ करण्यात आमचा अर्धा दिवस जातो. तो बिलात येतो.

"एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करावा का?" ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण सुटे भाग अजून मिळतात. पंधरा वर्षांनंतरचं पाच वर्षांचं पासिंग झालं असेल आणि पत्रा कुजलेला नसेल, तर आमच्या मते करावा. पत्रा कुजला असेल तर आम्हीच नको म्हणतो. फोनवर आकडा मात्र विचारू नका. हेड उघडून झालं की तुम्हाला बोलावतो, काढलेलं गॅस्केट समोर ठेवतो, आणि तुम्ही हो म्हटल्यावरच पुढचं काम करतो. गॅस्केट तुम्ही बाहेरून आणलंत तर बसवून देऊ, पण कामाची हमी देणार नाही.

मार्चमध्ये कूलिंगची तपासणी करून घेतली तर मे महिन्यात महाबळेश्वरला निर्धास्त जाता येतं. पंखा, झाकण, होज, थर्मोस्टॅट, सगळं तासाभरात बघून होतं. त्यासाठी गाडी सकाळी लवकर आणून सोडा. गरम रेडिएटरचं झाकण आम्हीही उघडत नाही, त्यामुळे दुपारी आणलेली गाडी संध्याकाळपर्यंत थांबते.