लॅपटॉप वेगवान, तरी आवाज का तुटतो?

नौपाड्यात राहणारी माझी भाची लॅपटॉपवर तानपुरा लावून रियाज करते. माइकसमोर गाते आणि स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकते. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. परवा तिचा फोन आला, "मामा, मी सा लावते आणि तो मला उशिरा ऐकू येतो. सूर धरवतच नाही."

तिची तक्रार आकड्यांत मांडता येते. साउंडकार्ड आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतं, म्हणजे तितक्या वेळा तो मोजतं. हल्ली बहुतेक लिनक्समध्ये आवाजाची ने-आण पाइपवायर नावाचा प्रोग्राम करतो, तीही गठ्ठ्यांनी. तिच्याकडे गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा होता. एक भरायला २१ मिलिसेकंद. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक धरला तर जवळपास ४३. तेवढ्यात आवाज हवेतून सुमारे १५ मीटर जातो. म्हणजे ती गात होती घरात आणि तिला ऐकू येत होतं समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून!

गठ्ठा ६४ चा केला. उशीर गेला, पण आवाज टक्-टक् तुटू लागला. अशा वेळी 'नवा, वेगवान लॅपटॉप घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. घरोघरी पाणी चालूच असतं, पंप मात्र वॉचमन अधूनमधून लावतो. टाकी मोठी असेल तर त्याला अर्धा तास उशीर झाला तरी कुणाला कळत नाही. लहान असेल तर तो गेटवर कुरिअरवाल्याशी पाच मिनिटं बोलत राहिला की नळ कोरडे. पंप कितीही दांडगा असू दे, वॉचमन वेळेवर यायला हवा. नमुन्यांचा गठ्ठा साठवणारी जागा, म्हणजे बफर, ही टाकी, प्रोसेसर हा पंप आणि कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हा वॉचमन. ६४ नमुन्यांची टाकी १.३ मिलिसेकंदात रिकामी होते. सेकंदाला ७५० वेळा वेळ पाळायची. त्यात एकदा चुकलं तरी कानाला टोचतं.

या चुका डोळ्यांनी दिसतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पाइपवायरचं पीडब्ल्यू-टॉप चालवलं की 'ईआरआर' असा एक रकाना येतो. कानात टक् झालं की तिथला आकडा वाढतो. आम्ही दोघं त्याकडे बघत बसलो होतो. भाचीने हार्डडिस्कवरून जुनी रेकॉर्डिंग्ज कॉपी करायला लावली आणि आकडा धावतच सुटला. डिस्क आणि साउंडकार्ड एकाच यूएसबी हबवर होते! साउंडकार्ड थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावलं आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेला त्रास वीज वाचवण्याच्या सेटिंगचा निघाला. काम हलकं दिसलं की प्रोसेसर वेग उतरवतो, डुलकी काढतो, आणि जागं व्हायला घेतलेला वेळ छोट्या टाकीला परवडत नाही. रियाजापुरता मोड 'परफॉर्मन्स'वर ठेवला. पाइपवायरला रांगेत पुढे जाण्याची, म्हणजे रिअल-टाइम प्राधान्याची परवानगी आहे ना, तेही पाहून घेतलं. याच्याही पुढची सोय म्हणजे प्रीएम्प्ट-आरटी, वॉचमनला वेळ अधिक काटेकोर पाळायला लावणारी. जवळपास २० वर्षं ती वेगळा पॅच म्हणून, म्हणजे कर्नलला वरून जोड देऊन, लावावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून ती मुख्य कर्नलमध्येच आहे. घरच्या रियाजाला सहसा तिची गरज पडत नाही.

शेवटी गठ्ठा १२८ वर ठेवला. जाऊन-येऊन सव्वापाच मिलिसेकंद, साउंडकार्डचा स्वतःचा थोडा वेळ वेगळा. हवेत मोजलं तर ते अंतर दोन मीटरही भरत नाही. तिने तानपुरा लावला, यमनचा आलाप सुरू केला. तासाभराने पाहिलं, 'ईआरआर'खाली शून्यच होतं.