थायरॉईड की नैराश्य?

"मला थायरॉईड निघालाय" हे वाक्य हळदीकुंकवाला बिनधास्त बोललं जातं. "मला डिप्रेशन आहे" म्हणताना सख्ख्या बहिणीसमोरही जीभ अडखळते. गंमत अशी की दोन्हींची सुरुवात बरेचदा सारखीच. सकाळी उठवत नाही, अंग जड, कशात लक्ष लागत नाही, विसरायला होतं.

फरक बारीकसारीक गोष्टींत सापडतो. थायरॉईड ग्रंथी मंदावली की घरात सगळ्यांना पंखा हवा असतो तेव्हा त्या बाईला शाल लागते. त्वचा कोरडी, केसांचे पुंजके फणीत, पोट साफ नाही, आवाज घोगरा, पाळीत रक्तस्राव जास्त. नैराश्यात पहाटे तीनलाच जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. आवडीचं गाणं, नातवंड, कशानेच मन हलत नाही. "मी सगळ्यांना भार झालेय" हा अपराधीपणा तर थायरॉईडपेक्षा नैराश्याचीच खूण जास्त. असं रोज, दिवसाचा बराच वेळ, किमान दोन आठवडे चाललं की डॉक्टर नैराश्याचा विचार करतात.

दोन्ही दुर्मीळ नाहीत. मुंबई-गोव्यासह आठ शहरांतल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांची थायरॉईड मंदावलेली आढळली. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वीसातल्या एका प्रौढाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येऊन गेलेलं दिसलं. नैराश्य असलेल्यांपैकी जवळपास 85 टक्के उपचारांविना होते.

मधुमेह आणि हृदयविकारासारखं थायरॉईडचंही नैराश्याशी नातं आहे. एकीला दोन्ही असू शकतात. म्हणून रक्तातला टीएसएच (थायरॉईड मंदावली की वाढणारं संप्रेरक) तपासणं रास्तच. घोळ पुढे होतो. टीएसएच जरासाच वाढलेला निघतो, गोळी सुरू होते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण एवढ्याशा वाढीत त्या गोळीने मन सहसा उजळत नाही, आणि खऱ्या दुखण्याचे महिने वाया जातात. थायरॉईडची गोळी घेऊन, सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच जागेवर येऊनही उदासी तशीच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावंच.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र रिपोर्टची वाट पाहायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.