प्रेमसंभ्रम

प्रेमसंभ्रम (इरोटोमेनिया, क्लेरांबो लक्षणसमूह) : एखादी व्यक्ती आपल्यावर प्रेम करते आणि सुरुवात तिनेच केली, अशी पुराव्यावाचून बसलेली व पुराव्याने न हलणारी खात्री. ती व्यक्ती बहुधा मानाने वरचढ असते : डॉक्टर, वरिष्ठ अधिकारी, नट. पुष्कळदा साधी ओळखही नसते. ‘एकतर्फी प्रेम’ याहून निराळे. तिथे होकार मिळालेला नाही हे माणसाला ठाऊक असते. इथे रुग्णाच्या लेखी तो केव्हाच मिळालेला असतो.

संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. फ्रेंच वैद्य झाक फेराँ यांच्या प्रेमविषण्णतेवरील ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराच्या (१६४०) शीर्षकात हा शब्द आढळतो. पण त्यांचा विषय अतृप्त प्रेमाने झुरणे हा होता. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी १८३८ मध्ये हा विकार कामोन्मादापासून (अनावर कामवासनेपासून) वेगळा काढला, तरी त्यांच्या वर्णनात भर रुग्णाच्या स्वतःच्या आसक्तीवर आहे. ‘समोरचाच माझ्यावर प्रेम करतो’ हे गृहीतक केंद्रस्थानी आणले ते गाएताँ गातियाँ द क्लेरांबो (१८७२–१९३४) यांनी, १९२१ च्या सुमारास. ते पॅरिसच्या पोलीस खात्याच्या मनोरुग्ण विभागाचे प्रमुख होते. त्यामुळे आजच्या अर्थाने श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्यांच्या प्रसिद्ध रुग्णेचे वय ५३. राजे पाचवे जॉर्ज आपल्यावर अनुरक्त आहेत, अशी तिची खात्री होती. ती लंडनला जाऊन राजवाड्याबाहेर ताटकळत उभी राही. एकदा खिडकीचा पडदा हलला, ती तिने राजाची खूण मानली. विकाराची सारी यंत्रणा त्या पडद्यात दिसते. प्रेमाचा आरंभ समोरच्याने केला असे एकदा धरले, की नकार ही परीक्षा ठरते, मौन ही लोकलज्जा आणि पोलिसांतली तक्रार हा नाइलाज. आशा, वैफल्य, आकस असे तीन टप्पे क्लेरांबो सांगतात. प्रत्येक रुग्णात ते क्रमाने येतातच असे नाही. धोका आकसाच्या टप्प्यात अधिक. तो ‘प्रियकरा’इतकाच त्याच्या पत्नीला किंवा मध्ये येणाऱ्या तिऱ्हाइतालाही असतो.

शुद्ध स्वरूप, म्हणजे दुसऱ्या आजाराविना, विरळ आहे. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), उन्माद किंवा मेंदूचा आजार आधी तपासावा, विशेषतः लक्षणे उतारवयात प्रथमच दिसली तर. संभ्रम-विकृती (खोट्या पण अढळ खात्रीचा विकार; प्रेमसंभ्रम हा तिचाच एक प्रकार) ठरवायला अमेरिकन वर्गीकरण (डीएसएम-५) किमान एक महिना, तर जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-१० तीन महिने कालावधी मागते.

उपचारात रिस्पेरिडोनसारखी प्रतिमनोविकृती औषधे अल्प मात्रेपासून सुरू करतात. त्यांनी तगमग व पाठलाग कमी होतो. खात्री मात्र बऱ्याचदा क्षीण रूपात उरते. आपण आजारी आहोत हेच रुग्णाला पटत नसल्याने गोळ्या मध्येच सुटतात. नातेवाइकांनी वाद घालू नये. वाद घालणारा कटात सामील ठरतो. गुंतवल्या गेलेल्या व्यक्तीने एकदाच, स्पष्ट शब्दांत आणि दिलगिरी न जोडता नकार द्यावा. त्यानंतर उत्तर देऊ नये, रागाचेही नाही. विसाव्या फोनला दिलेले उत्तर रुग्णाला ‘वीस फोन केले की उत्तर येते’ एवढेच शिकवते. आलेले संदेश पुसू नयेत. तारीखवार जपून ठेवावेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मधील पाठलागाचा गुन्हा पुरुषाने स्त्रीच्या केलेल्या पाठलागापुरताच आहे. रुग्ण स्त्री असल्यास ते कलम लागू होत नाही.