भाव बांधणं आणि वाटा ठरवणं: युद्धकाळातले दोन कंट्रोल

युद्धाच्या दिवसांतल्या 'कंट्रोल'च्या आठवणी ऐकताना दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. एक म्हणजे भावनियंत्रण: अमुक मालाला याहून जास्त दाम घ्यायचा नाही. दुसरी रेशनिंग: माणशी एवढाच माल मिळेल. रेशनच्या धान्याचा भावही ठरलेला असतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र आपल्याकडे आधी पहिली आली आणि दुसरी बरीच उशिरा. या उशिराची किंमत फार मोठी होती.

महागाईचा एक धागा थेट नाशिकरोडला पोचतो. ब्रिटन युद्धासाठी इथून माल उचलत होतं आणि त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश पौंडांच्या, रूपात जमा दाखवत होतं. इथल्या विक्रेत्याला मात्र रुपयेच द्यावे लागत. म्हणून त्या स्टर्लिंगच्या आधारावर नोटा निघत गेल्या आणि नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापल्या गेल्या. 1939 ते 1945 या काळात चलनातल्या नोटा सहापटीच्या आसपास वाढल्या. माल काही तसा वाढला नाही. त्यात मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला.

सरकारनं आधी हाताशी होता तो उपाय केला. डिसेंबर 1941 मध्ये गव्हाचा कमाल घाऊक भाव बांधून दिला. झालं काय, तर गहू बाजारात येईनासा झाला. आज ना उद्या भाव सुटेल, या हिशेबानं ज्याच्याकडे माल होता त्यानं तो दाबून ठेवला. जानेवारी 1943 मध्ये ती मर्यादा उठवावी लागली. भाव बांधल्यानं तुटवडा भरून निघत नाही. आधी तो चढ्या भावात दिसतो, मग रिकाम्या दुकानात. मग जो थोडाफार माल असतो तो ओळखीच्या गिऱ्हाइकाला मिळतो, नाहीतर मागच्या दारानं जास्त पैसे मोजणाऱ्याला.

हे रेशनिंगनं थांबवता येतं, पण त्यासाठी आधी सरकारच्या गोदामात धान्य असावं लागतं. कार्डं छापणं सोपं, खरेदी अवघड. मुंबईत मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झालं, ते चालावं म्हणून मुंबई प्रांतात शेतकऱ्यांकडून सक्तीची लेव्ही, म्हणजे सरकारला द्यायचा धान्याचा ठरावीक वाटा, घेतली गेली. त्याच वर्षी अन्नधान्य धोरणासाठी सरकारनं नेमलेल्या ग्रेगरी समितीनं लाखाच्या वर वस्तीच्या शहरांत रेशनिंग आणायची शिफारस केली. कलकत्त्यात ते जानेवारी 1944 च्या अखेरीस आलं. तोवर बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती, आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली, जिथे कार्डं पोचलीच नव्हती. हे लिहिताना आजही चीड येते.

ब्रिटननं हा फरक नीट ओळखला होता. 8 जानेवारी 1940 पासून तिथे बेकन, लोणी, साखर यांचं रेशनिंग झालं. पाव आणि बटाटे मात्र युद्धभर रेशनबाहेर राहिले, कारण त्यांचा पुरवठा सरकारनं सांभाळला होता आणि पावाची किंमत अनुदान देऊन खाली ठेवली होती. पुरेसा माल असेल तर नुसता भाव बांधूनही भागतं.

दोन्हींतली लबाडीही वेगळी. भावनियंत्रणात साठेबाजी होते. रेशनिंगमध्ये खोटी कार्डं निघतात, मेलेल्यांच्या नावावर धान्य उचललं जातं.

एप्रिल 2021 मध्ये हेच पुन्हा दिसलं. सरकारच्या मध्यस्थीनंतर कंपन्यांनी कोरोनाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या रेमडेसिव्हिर या औषधाच्या किमती उतरवल्या, तरी नाशिकमध्ये नातेवाईक एकेका इंजेक्शनसाठी वणवण करतच होते. औषधच कमी होतं. मग केंद्रानं राज्यांना कोटा ठरवून दिला, म्हणजे एका अर्थानं रेशनिंगच केलं.

मग आपल्या कांद्याचं काय? सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रानं निर्यात बंद केली आणि साठ्याला मर्यादा घातली: किरकोळ व्यापाऱ्याला 100 क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला 500. यात ना कमाल भाव बांधला होता, ना गिऱ्हाइकाचा वाटा ठरवला होता. माल देशातल्या बाजारात ढकलून भाव पाडायचा, हा तिसराच प्रकार. यात शहरातल्या गिऱ्हाइकाला कार्ड लागत नाही, रांग लागत नाही. सगळा भार लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर उभा केलेल्या शेतकऱ्यावर येतो.